पार्वतीचे वय तेरा

यंदाच्या स्मरणिकेसाठी ‘इतिहासातला एखादा विषय घेऊन लिहा’ असे आपल्या चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा जिजामाता, अहिल्याबाई, झाशीची राणी हे विषय बऱ्याच जणींनी आधीच वाटून घेतले होते. मी सातवी शिकलेली, चूल सांभाळून वाचनाचा नाद पुरवणारी गृहिणी. मोठमोठ्या राजकारणांवर लिहिण्याचा माझा अधिकार नाही. पण गेले वर्षभर मंडळात एका गोष्टीवरून गोड भांडण चालू आहे, आणि नीट पाहिले तर त्या भांडणाच्या पोटात शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास दडलेला आहे. म्हणून मी तोच विषय घेतला.

भांडण असे. पुस्तकातली नायिका वयाने लहान असावी आणि पडद्यावर तिचे काम करणारी नटी चांगली थोराड असावी, हे शोभते का? आपल्यातला एक पक्ष म्हणतो, ‘अभिनय चांगला वठला म्हणजे वय कोण मोजत बसतो?’ दुसरा पक्ष म्हणतो, ‘तिशीच्या बाईने दोन वेण्या घालून बागडावे, हे आम्हांला बघवत नाही.’ दोन्हीकडच्या भगिनी हुशार आहेत आणि दोघींचेही म्हणणे थोडेथोडे खरे आहे. पण या वादात आपण सगळ्याजणी नटीच्या चेहऱ्याकडे, तिच्या बांध्याकडे आणि रंगभूषेकडे पाहतो. पुस्तकातल्या त्या मुलीकडे कोणी पाहत नाही. ती लहान का होती? लेखकाने तिला तेवढेच वय का दिले? आणि ते वय वाढवले म्हणजे गोष्टीतले काय जाते? हे प्रश्न विचारले म्हणजे वाद नटीपुरता राहत नाही, तो आपल्या आज्या-पणज्यांपर्यंत जाऊन पोचतो.

उदाहरणासाठी मी ‘देवदास’ घेते. ही गोष्ट ठाऊक नाही अशी बाई आपल्या मंडळात सापडायची नाही. शरच्चंद्र चट्टोपाध्याय म्हणजे शरदबाबू, यांचा जन्म १८७६ सालचा, बंगालमधल्या हुगळी जिल्ह्यातला. ऐन पंचविशीच्या आत त्यांनी ही कादंबरी लिहून ठेवली होती, पण ती पुस्तकरूपाने निघाली १९१७ साली. मराठी वाचकांना शरदबाबू परके नाहीत. मामा वरेरकरांनी त्यांच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या आणि आपल्या आधीच्या पिढीतल्या कितीतरी बायकांनी दुपारच्या निवांत वेळी त्या वाचून डोळे पुसले.

आपण चित्रपट पाहून ‘देवदास’ ओळखतो, म्हणून पारो म्हटले की डोळ्यांपुढे भरजरी साडीतली, ठसठशीत कुंकवाची देखणी तरुणी उभी राहते. पुस्तक उघडले की धक्का बसतो. लग्नाची बोलणी सुरू होतात तेव्हा पुस्तकातल्या पार्वतीला नुकते तेरावे लागलेले असते. घरात आजी आहे, आणि मुलगी तेरा वर्षांची झाली या काळजीने तिचा जीव थाऱ्यावर नाही. देवदासही काही पोक्त पुरुष नव्हे. विशीच्या आतबाहेरचा, कलकत्त्याला शिकायला गेलेला, वडिलांपुढे मान वर न करणारा पोरगा तो.

हे तेरा वर्षे लक्षात ठेवून गोष्ट पुन्हा आठवून पाहा. शेजारच्या जमीनदाराच्या घरी आजी लग्नाचे सुचवते. तिकडून नकार येतो, कारण एक तर घर अगदी शेजारचे, आणि दुसरे म्हणजे पार्वतीचे घराणे मुलीचे पैसे घेणारे, म्हणून कमी दर्जाचे. तेव्हा ही तेरा वर्षांची मुलगी मध्यरात्री एकटी उठते, जमीनदाराच्या वाड्यात शिरते आणि देवदासाच्या खोलीत जाऊन त्याच्या पायाशी आसरा मागते. पुढे देवदास कच खातो, आणि हातीपोता गावच्या भुवन चौधरी नावाच्या बिजवर जमीनदाराशी तिचे लग्न ठरते. नवरा चाळिशीच्या आसपासचा. त्याचा थोरला मुलगा नव्या आईहून वयाने मोठा. लग्न झालेली सावत्र लेक रागावलेली असते. पार्वती तिला बोलावून घेते आणि आपले दागिने आपल्या हाताने तिच्या अंगावर घालते. सासरचा एवढा मोठा संसार ती हातात घेते, दानधर्म चालवते, गडीमाणसे सांभाळते. ओठांवर तक्रार नाही.

ही सगळी कामे तिशीची बाई करते असे समजून वाचले, तर ती एक शहाणी, सोशिक बाई वाटते. तेरा-चौदा वर्षांची मुलगी करते असे समजून वाचले, तर घास घशाखाली उतरत नाही. पुस्तक तेच, प्रसंग तेच. वयाचा तेवढा एक आकडा बदलला की गोष्टच बदलते.

आता त्या काळचा वाचक हे वाचून दचकत होता का? नव्हता. तेरा म्हणजे उशीरच झाला, असे मानणारा तो काळ. आपल्या इकडेही निराळे काही नव्हते. न्यायमूर्ती रानड्यांची पहिली पत्नी १८७३ साली वारली, आणि त्याच वर्षाअखेर त्यांचे दुसरे लग्न झाले. नवरा एकतीस वर्षांचा, सुधारक म्हणून नावाजलेला, आणि नवरी अकरा वर्षांची रमा. विधवेशी लग्न करावे असे त्यांचे विचार होते, पण वडिलांच्या हट्टापुढे त्यांचे चालले नाही. डॉक्टर आनंदीबाई जोशी नऊ वर्षांच्या असताना बोहल्यावर चढल्या. मुंबईच्या रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले. जाणत्या झाल्यावर त्यांनी नांदायला जायचे नाकारले, तेव्हा नवऱ्याने कोर्टात दावा लावला. १८८४ ते १८८८ अशी चार वर्षे तो खटला गाजला. नांदायला जा नाहीतर तुरुंगात जा, असा हुकूम झाला, तेव्हा ‘मी तुरुंगात जाईन’ असे सांगणारी ती बाई. त्याच रखमाबाई पुढे विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या.

इकडे कलकत्त्यात १८९० साली फुलमणी नावाच्या मुलीचा खटला झाला. दहा-अकरा वर्षांची ही पोर नवऱ्याच्या हातून प्राणाला मुकली. त्या वेळी कायद्यात मुलीच्या संमतीचे वय दहा वर्षे होते, म्हणून नवऱ्यावर मोठा आरोप टिकला नाही. देशभर खळबळ उडाली, आणि १८९१ साली ते वय दहाचे बारा झाले. एवढ्या दोन वर्षांच्या वाढीसाठी केवढा वाद माजला! आपल्या पुण्यात टिळक एका बाजूला आणि रानडे, भांडारकर दुसऱ्या बाजूला, असे तट पडले होते. शरदबाबू तेव्हा पंधरा वर्षांचे होते. म्हणजे ‘देवदास’ लिहिणारा मुलगा याच वादाच्या धुरळ्यात वाढलेला. त्याने पार्वतीला तेरा वर्षांची केली ती काही सहज नव्हे. त्याच्या अवतीभवती सगळ्या पार्वती तेवढ्याच होत्या.

पुढे १९२९ साली हरबिलास सारडांच्या प्रयत्नाने बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला. पुष्कळ जणींना वाटते की देवलांच्या ‘शारदा’ नाटकावरून त्याला ‘शारदा कायदा’ म्हणतात. तसे नाही, सारडा हे त्या गृहस्थांचे आडनाव. परंतु देवलांनी १८९९ सालीच म्हाताऱ्याला पोर विकणाऱ्या बापाचे नाटक रंगभूमीवर आणून मराठी माणसाचे मन नांगरून ठेवले होते, म्हणून हा घोटाळाही मला गोड वाटतो. या कायद्याने मुलीचे वय चौदा ठरवले. १९४९ साली ते पंधरा झाले, १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातही पंधराच राहिले, आणि १९७८ साली ते अठरा झाले.

आमच्या घरातली एक गोष्ट येथे सांगते. सारडांचा कायदा पास झाला १९२९ च्या सप्टेंबरात, पण तो लागू व्हायचा होता १ एप्रिल १९३० पासून. मधल्या सहा महिन्यांत देशभर लग्नांची झुंबड उडाली. कायदा लागायच्या आत उरकून घ्या, असा जो तो म्हणू लागला. माझ्या वडिलांची आई त्याच झुंबडीतली. १९३० च्या फाल्गुनात तिचे लग्न लागले, तेव्हा ती अकरा वर्षांची होती. ती सांगायची, ‘लग्नात मला झोप आली होती, आणि आईने कडेवर घेऊन अंतरपाटापाशी उभे केले.’ शहाणी होईपर्यंत माहेरीच राहिली, मग सासरी आली. येताना पदरात पाच सागरगोटे बांधून आणले होते. सासूने ते काढून घेतले आणि हातात जात्याचा खुंटा दिला. आम्हां नातींना ती हे हसत हसत सांगायची, आणि आम्हीही हसायचो. आज माझी धाकटी लेक तेरा वर्षांची आहे. भूमितीचे गणित अडले की रडते, पावसात मुद्दाम भिजून येते, आणि रात्री अजून मला बिलगून झोपते. तिच्याकडे पाहताना ते सागरगोटे आठवतात, आणि मग हसू येत नाही.

आता नट्यांकडे वळू. ‘देवदास’ पहिल्यांदा पडद्यावर आला तो मूकपटाच्या काळात, १९२८ साली. बोलपट आला १९३५ मध्ये, कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सचा. दिग्दर्शक प्रमथेश बरुआ. बंगालीत देवदास तेच झाले होते आणि हिंदीत सैगल. पार्वती मात्र दोन्हींत एकच, जमुना. ती १९१९ सालची, म्हणजे सोळाच्या घरातली. पुस्तकातल्या पार्वतीच्या त्यातल्या त्यात जवळ जाणारी तीच. तेलुगूत १९५३ साली सावित्रीने हे काम केले. मग १९५५ साली बिमल रॉय यांचा ‘देवदास’ आला. दिलीपकुमार बत्तीस-तेहतीस वर्षांचे आणि पार्वती झालेली सुचित्रा सेन चोवीस वर्षांची. सुचित्राचे स्वतःचे लग्न १९४७ साली, सोळाच्या आसपास झाले होते. पुढे २००२ साली संजय लीला भन्साळींचा भव्य ‘देवदास’ आला. त्यात ऐश्वर्या राय पारो होती, अठ्ठावीस वर्षांची, आणि आपली माधुरी दीक्षित चंद्रमुखी होती, पस्तीस वर्षांची. देवदासही कलकत्त्याऐवजी विलायतेहून परत येतो असे दाखवले होते.

सोळा, चोवीस, अठ्ठावीस! पारोचे वय पिढीगणिक वाढत गेलेले दिसते. हा नुसता योगायोग नव्हे. शरदबाबूंच्याच ‘परिणीता’कडे पाहा. १९१४ सालच्या या कादंबरीतली ललिता तेरा वर्षांचीच. बिमल रॉय यांच्या १९५३ च्या चित्रपटात ती झाली मीनाकुमारी, विशीच्या घरातली. तिचा शेखर झालेले अशोककुमार तर चाळिशी ओलांडलेले. २००५ च्या चित्रपटात विद्या बालन सव्वीस वर्षांची होती. तीच चढण येथेही आहे.

असे का व्हावे? मला याची तीन कारणे दिसतात.

पहिले कारण रंगभूमीची सवय. आपल्याकडे नाटकात वयाचाच काय, स्त्री-पुरुष हाही भेद प्रेक्षक विसरत असे. बालगंधर्व १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आले ते सतरा वर्षांचे होते. शकुंतला झाले, शारदा झाले, आणि वय झाले, अंग सुटले तरी स्त्रीभूमिका करीतच राहिले. लोक डोळे मिटून गाणे ऐकत आणि नायिका मनात उभी करीत. नाटकात प्रेक्षक दूर बसतो आणि दिव्यांच्या झगमगाटात वय झाकून जाते. चित्रपटाचे तसे नाही. तेथे नटीचा चेहरा भिंतीएवढा मोठा होऊन समोर येतो. डोळ्यांखालची एक सुरकुतीही लपत नाही. म्हणून नाटकात खपले ते चित्रपटात टोचते. ‘बघवत नाही’ म्हणणाऱ्या भगिनींच्या बाजूने एवढे मी जरूर म्हणेन.

दुसरे कारण पैशाचे. लाखो, आता कोट्यवधी रुपये घालणारा माणूस नाव झालेल्या नटीवरच पैसा लावतो, आणि नाव व्हायला वर्षे जातात. यात नटीला नावे ठेवण्यात अर्थ नाही. नायक चाळिशीचा चालतो, तेव्हा त्याचे वय कोणी काढत नाही. अशोककुमारांच्या शेखरबद्दल मी आजवर एकाही तोंडून कुरकुर ऐकली नाही. वयाचा हिशोब करायचा तर दोघांचाही करावा. नुसते बाईचे वय मोजणे हा काही न्याय नव्हे.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ते आहे प्रेक्षकाच्या मनाचे. कायद्याने मुलीचे वय चौदा, पंधरा, अठरा असे वाढत गेले, तसतशी ‘नवरी’ या शब्दाबरोबर डोळ्यांपुढे येणारी मुलगीही मोठी होत गेली. १९५५ च्या प्रेक्षकाला तेरा वर्षांची मुलगी रात्री पुरुषाच्या खोलीत जाते हे बघवले नसते. २००२ च्या प्रेक्षकाला तर मुळीच नाही. म्हणून चित्रपट करणाऱ्यांनी आकडा गुपचूप पुसला. प्रेक्षकाची लाज राखली म्हणा. ही लाज वाटणे चांगलेच आहे, तो आपल्या समाजाचा विजय आहे. सुधारकांनी शिव्या खाल्ल्या, रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी ठेवली, तेव्हा कुठे आपल्याला ही लाज वाटू लागली.

पण या विजयात एक तोटाही झाला. आकडा पुसला तसा गुन्हाही पुसला गेला. मोठी पारो पाहून आपण म्हणतो, ‘काय हे प्रेम! आणि काय हा नशिबाचा खेळ!’ नशिबाचा खेळ कसला? एका लहान मुलीला तिच्या वडीलधाऱ्यांनी चाळिशीच्या बिजवराच्या घरी पोचवले, हे मूळ दुखणे होते. ते दुखणे मोठ्या नटीच्या सौंदर्याखाली झाकले जाते. देवदास मासे धरायच्या गळाच्या काठीने पार्वतीच्या कपाळावर घाव घालतो. जाणत्या तरुणीला मारले तर ते प्रेमातले भांडण म्हणून खपून जाते. तेरा वर्षांच्या मुलीचे कपाळ फुटलेले दाखवले असते, तर थिएटरात एकाही बाईला देवदासासाठी रडू आले नसते.

मग तेवढ्याच वयाची मुलगी घ्यावी का? येथेही घाईने होकार देऊ नये. सातासमुद्रापलीकडचे एक उदाहरण देते. शेक्सपिअरने ‘रोमिओ ज्युलिएट’ची गोष्ट आर्थर ब्रुक याच्या १५६२ सालच्या काव्यावरून घेतली. त्या काव्यात ज्युलिएट सोळाच्या जवळ आहे. शेक्सपिअरने तिला आणखी लहान केले, चौदाही पुरी न झालेली. १९३६ साली अमेरिकेत या नाटकावर चित्रपट निघाला. त्यात ज्युलिएट झालेली नॉर्मा शिअरर चौतीस वर्षांची आणि रोमिओ झालेला लेस्ली हॉवर्ड त्रेचाळीसचा. वयावरून तेव्हाही पुष्कळ बोलणे झाले. उलट १९६८ साली झेफिरेली या इटालियन दिग्दर्शकाने ऑलिव्हिया हसी ही शाळकरी वयाची मुलगी घेतली. चित्रणाच्या वेळी ती सोळाच्या आतबाहेरची होती. सगळीकडे वाहवा झाली. पण त्या चित्रपटात एक उघडावागडा प्रसंग होता. आपल्या कोवळ्या वयाचा त्यात गैरफायदा घेतला, असे म्हणून ऑलिव्हियाने आणि तिच्या नायकाने २०२२ साली, म्हणजे पन्नासहून अधिक वर्षांनी, खटला भरला. २०२३ साली न्यायालयाने तो काढून टाकला. कायद्याचे काय ते कायदा जाणे. पण सत्तरी ओलांडलेली बाई अर्ध्या शतकामागचा प्रसंग घेऊन न्याय मागते, तेव्हा तो प्रसंग तिच्या मनातून गेलेला नसतो, एवढे आपल्याला कळते. पुस्तकातल्या मुलीचे दुःख खरे दिसावे म्हणून जिवंत मुलीला दुखवायचे, हा सौदा मला मान्य नाही.

आपल्या देशात या बाबतीत आता थोडे नियम झाले आहेत. २०१७ च्या नियमांप्रमाणे बालकलाकाराकडून दिवसात पाच तासांहून अधिक काम करून घेता येत नाही, सलग तीन तासांवर विश्रांतीवाचून राबवता येत नाही, आणि त्याच्या कमाईतला निदान वीस टक्के भाग त्याच्याच नावाने बँकेत मुदतीच्या ठेवीत ठेवावा लागतो. ज्या भगिनींची मुले अशा कामांना जातात, त्यांनी हे नियम पाठच करून ठेवावेत.

मग मार्ग कोणता? मार्ग आहे, आणि तो आपल्याच देशातल्या कलावंतांनी दाखवला आहे. सत्यजित राय यांनी बिभूतिभूषण बंदोपाध्यायांच्या कादंबऱ्यांवरून चित्रपट काढले. १९५५ च्या ‘पथेर पांचाली’त दुर्गा झालेली उमा दासगुप्ता शाळेत शिकणारी मुलगी होती. १९५९ च्या ‘अपूर संसार’मध्ये अपूची नववधू अपर्णा झाली होती शर्मिला टागोर, अवघ्या चौदा वर्षांची. १९६१ साली रवींद्रनाथांच्या ‘समाप्ती’ कथेतली अल्लड मृण्मयी झाली अपर्णा दासगुप्ता, म्हणजे आताच्या अपर्णा सेन, पंधरा वर्षांच्या. वये खरी घेतली. पण प्रेम कसे दाखवले? अपू सकाळी जागा होतो, आणि उशांच्या मध्ये त्याला बायकोच्या केसांतला काटा सापडतो. तो काटा हातात घेऊन तो बघत राहतो. झाले! नवराबायकोचे सगळे गोडपण त्या एका काट्यात आले. मुलीच्या अंगाला कॅमेऱ्याने बोट लावले नाही, आणि काही कमीही पडले नाही.

दुसरा मार्ग आपल्या मराठीतला. २०१२ साली झी मराठीवर रमाबाई रानड्यांच्या आयुष्यावर ‘उंच माझा झोका’ ही मालिका लागत होती. आपल्यातल्या पुष्कळ जणी त्या वेळी स्वयंपाक आधी उरकून बसायच्या, हे मला चांगले आठवते. त्यात लहानगी रमा तेजश्री वालावलकर या छोट्या मुलीने केली आणि मोठ्या रमाबाई स्पृहा जोशीने. परकर-पोलक्यातली ती छोटी मुलगी रानड्यांच्या वाड्यात वावरताना पाहून आमच्या घरातल्या मुलांनी विचारले, ‘आई, ही यांची बायको? ही तर आमच्या शाळेतली वाटते.’ हा प्रश्न मुलांच्या तोंडून निघाला, यातच त्या मालिकेचे यश आले. रमाबाईंनी १९१० साली आपल्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले. शिकताना घरातल्या बायकांकडून सोसलेले टोमणे त्यात त्यांनी लिहून ठेवले आहेत. ते सोसणारी मुलगी केवढी होती हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्या पुस्तकाची खरी किंमत कळत नाही. बिमल रॉय यांनीही १९५५ साली बालपणीची पारो बेबी नाझकडून करवून घेतली होती. फक्त छोटी पारो मोठी व्हायची वेळ आली, तेव्हा ती तेराला न थांबता एकदम तारुण्यात पोचली. नेमकी जी वर्षे दाखवायची, तीच गळाली.

तेव्हा आपल्या वादाचा माझ्यापुरता निवाडा असा. नटी मोठी असावी की लहान, याचा एकच नियम करता येणार नाही. तिला काय करायला लावणार आहात, त्यावर ते ठरावे. खेळणे, बागडणे, रुसणे, घरातली बोलणी सोसणे, एवढे असेल तर तेवढ्याच वयाची मुलगी घ्यावी आणि तिला जपावे. शृंगाराचा, मारहाणीचा, अब्रूचा प्रसंग असेल तर मोठी नटी घ्यावी. तिशीची असली तरी माझी हरकत नाही. मात्र अशा वेळी पुस्तकातले वय निदान शब्दांनी तरी सांगावे. आजीच्या तोंडी, सासूच्या तोंडी, भटजीच्या तोंडी, कोठेही एकदा ‘पोर तेरा वर्षांची आहे’ असे येऊ द्यावे. नटीचे वय वाढलेले मला चालेल. मुलीचे वय लपवलेले चालणार नाही.

हे फक्त मोठ्या चित्रपटांपुरते आहे असे कोणी समजू नये. आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाला दरवर्षी ‘शारदा’तला प्रवेश बसतो, आणि आपल्यापैकीच कोणी चाळिशीची भगिनी शारदा होते. समोरची तरुण मंडळी फिदीफिदी हसतात, म्हणून यंदा काहींनी तो प्रवेश बंद करावा असे सुचवले. माझे मत आहे की बंद करू नये. चाळिशीच्या बाईला शारदा होण्याचा पूर्ण अधिकार आहे. तिच्या वयाला तेव्हाच्या बायका नातवंडे खेळवीत होत्या, आणि शारदेचे दुःख तिने घरात, शेजारात ऐकलेले असते. फक्त पडदा उघडण्यापूर्वी सूत्रधाराने पुढे यावे. शारदा केवढी होती, भुजंगनाथ केवढा होता, हे नाटक कोणत्या साली आले आणि कायदा कोणत्या साली झाला, हे चार वाक्यांत सांगावे. हसणाऱ्यांनी मग खुशाल हसावे. मला वाटते, हसणारे थोडे कमी होतील.

आणि एक विनंती. आपल्या वाचनालयाच्या कपाटात शरदबाबूंच्या मराठी अनुवादांची जुनी पुस्तके आहेत. पाने पिवळी पडली आहेत, काहींचे पुठ्ठे सुटले आहेत. रद्दीत घालण्याच्या यादीत त्यांचे नाव आहे असे ऐकते. कृपा करून ती यादी एकदा पुन्हा तपासावी. शिवायला दोरा आणि खळ मी देते. चित्रपट येतील, नव्या पारो येतील, त्या आणखी देखण्या आणि आणखी मोठ्या असतील. तेराचा आकडा मात्र त्या पिवळ्या पानांवरच शिल्लक आहे.